जुबेदाभाभी, तीन खदानवाले आणि नारळाची साखर

रिटायर झालो तेव्हा वाटलं होतं, आता आपल्याकडं सांगण्यासारखं काही उरणार नाही. खदानीत रोज काहीतरी घडायचं आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याचा किस्सा व्हायचा. घरी बसलेल्या म्हाताऱ्याकडं काय घडणार? पण चार माणसं रोज दुपारी एकाच स्वयंपाकघरात जमायला लागली की किस्से साचतातच. आमच्याकडं इतके साचलेत की परवा बायको म्हणाली, "आता लिहून ठेवा बाई. दरवेळेस मलेच काहून सांगता?"

म्हणून लिहितो.

मी वासुदेव. राजूरकडच्या खदानीत लॅम्प रूमला होतो. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला डोक्यावर लावायचा दिवा खिडकीतून द्यायचा, वर आला की परत घ्यायचा, एवढंच काम. गफूरभाई हॉलेजवर होता, म्हणजे कोळशानं भरलेले टब दोरानं वर ओढायच्या इंजिनावर. धनराज मडावी ड्रेसर. सुरुंग उडाला की सगळ्यांच्या आधी आत जायचं आणि लोखंडी सळईनं छत ठोकून पाहायचं, कुठं सुटलं आहे का, हे त्याचं काम. तिघं वर्षा-दीड वर्षाच्या अंतरानं रिटायर झालो आणि राजुरातच घरं बांधून राहिलो.

गफूरभाईची बायको जुबेदाभाभी. तिच्या हातची नानकटाई ईदला आमच्या सगळ्या कॉलनीत जायची. गफूरभाईनं तिला पत्र्याचा ओव्हन स्वतः करून दिला होता, गॅसवर ठेवायचा. पण पाच वर्षांपूर्वी भाभीला कंपवात झाला. शुगर तर आधीपासून होतीच. हातात वाटी धरली की पीठ सगळीकडं. ती नुसती ओट्याजवळच्या खुर्चीवर बसून राहायला लागली, तेव्हा एक दिवस गफूरभाई माझ्या दारात आला. म्हणाला, "वासुदेव, ती सांगते तसं करतो म्हटलं, पण मले वाटी आन् कप यातला फरक समजत नाही. तू चाल."

मला तरी कुठं समजत होता? पण गेलो. धनराज एकटाच राहतो, म्हणून त्यालाही घेतलं. तेव्हापासून रोज दुपारी चारला आम्ही तिघं भाभीचे हात.

*

नारळाची साखर घरात आली ती नाझनीनमुळं. भाभीची मुलगी, मंगळूरला दिलेली. तिनं पार्सल पाठवलं. आत दोन पाकिटं, वर नारळाचं चित्र, आत तपकिरी दाणे.

गफूरभाईनं चिमूटभर तळहातावर घेतली, दारात उन्हात नेऊन पाहिली आणि म्हणाला, "हा तं चाळलेला मुरूम होय."

धनराजनं जिभेवर ठेवली. "गोड आहे. पण नारळ कुठं गेलं?"

मीही चाखली. गुळाच्या जवळची चव, जराशी खरपूस. खोबऱ्याचा मागमूस नाही. भाभीनं नाझनीनला फोन लावायला सांगितला आणि आम्ही तो ओट्यावर मधोमध ठेवला.

"अब्बा, ती खोबऱ्याची नसते," नाझनीन म्हणाली. "माडाच्या फुलाचा दांडा असतो ना, त्याला चीर देतात. त्यातून रस गळतो. तो आटवून आटवून साखर करतात."

धनराजला एकदम सगळं कळलं. "म्हंजे शिंदीसारखंच. आमच्या गावाकडं शिंदीच्या झाडाले मडकं बांधतेत, तसं."

आता शिंदी म्हटलं की आमच्या भागात माणसाला एकच गोष्ट आठवते. गफूरभाई पाच वेळा नमाज पढणारा माणूस. त्यानं पाकीट बोटानं हळूच ओट्याच्या टोकाला सरकवलं.

नाझनीन फोनवरून समजावत होती, रस ताजा असतो, लगेच उकळतात. धनराजही सांगत होता, पहाटेचा रस नुसता गोड असतो, त्यात काही नसते. गफूरभाई नुसता मान हलवत होता. त्याचं समाधान झालेलं नव्हतं.

शेवटी भाभीच बोलली. ती म्हणाली, "उसाच्या रसाचीबी दारू होते. मंग आजवर चहा कायले पेले?"

गफूरभाईनं पाकीट परत मधोमध आणलं.

*

पहिली नानकटाई आम्ही जाळली.

भाभीनं आधीच सांगून ठेवलं होतं, ही साखर जाड आहे, तुपात विरघळणार नाही, मिक्सरमधून काढा. आम्ही काढली. तूप फेटलं, मैदा-बेसन घातलं, गोळे वळले, वर चिरा दिल्या. धनराजच्या चिरा सर्वांत सरळ. ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि तिघं भिंतीला टेकून उभे राहिलो.

साध्या साखरेची नानकटाई पांढऱ्याची बदामी झाली की काढायची, हे मलाही माहीत होतं. पण ही आत जातानाच बदामी होती. मग पाहायचं काय? आम्ही भाभीकडं पाहत राहिलो. ती ओव्हनकडं पाहत होती. थोड्या वेळानं वास आला. छान खमंग. मग जरा जास्त खमंग. मग सरळ जळका. गफूरभाईनं माझ्याकडं पाहिलं, मी धनराजकडं. पण हुकूम देणारी तिथं बसलेली असताना आपण ओव्हनला हात कसा लावायचा? खदानीतली सवय. सुपरवायझर बोलल्याशिवाय कोणी हलत नसे.

शेवटी धूर दिसला तेव्हा भाभी दचकली. "अरे, जळून राह्यलं ना. मले सांगायचं तरी."

मी म्हणालो, "भाभी, आमाले वाटलं तुम्ही सांगसान. वास तं केव्हाचा येऊन राह्यला."

ट्रे बाहेर आला, नानकटाईचे कोळसे झाले होते. कोळसा ओळखण्यात आमची चूक होणं शक्यच नव्हतं. धनराज खिडकी उघडायला गेला. तेव्हा भाभी खालच्या आवाजात म्हणाली, "मले वास येत नाही. दोन वर्षं झाली. या बिमारीत जातो म्हणतेत."

गफूरभाईच्या हातात फडकं होतं, ते तसंच राहिलं. "मले नाही सांगितलं?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही दर जुम्म्याले अत्तर लावून येता आन् विचारता, कसं आहे. मी म्हणते, अच्छा है."

पुढचा शुक्रवार आला. मी काही निमित्तानं तिकडं गेलो होतो. गफूरभाई नमाजला निघाला होता. अत्तर लावलं, भाभीच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला आणि विचारलं, "कसं आहे?"

"अच्छा है," भाभी म्हणाली.

*

माझी बायको पुष्पा या सगळ्या प्रकाराकडं लांबून पाहत होती. तीन म्हातारे तिसऱ्याच घरी जाऊन पीठ मळतात आणि स्वतःच्या घरी पाण्याचा ग्लासही उचलत नाहीत, हे तिचं म्हणणं, आणि ते खरं होतं.

संक्रांतीला मी घरी अर्धं पाकीट नेलं. भाभीनंच दिलं होतं. म्हटलं, यंदा तिळाचे लाडू या साखरेचे कर, म्हणजे भाभीलाही एखादा चालेल.

पुष्पा म्हणाली, "साखर म्हंजे साखर. पाक कसा होत नाही पाहते."

पाक तिला माझ्या आईनं शिकवलेला. बोटात तार धरून ती डोळे मिटूनही सांगू शकते. पण ही साखर तिचं ऐकेना. तार येण्याआधीच कडेनं करपायला लागली. पुष्पानं घाबरून पातेलं उतरवलं, तीळ ओतले, वळायला घेतले. लाडू वळला जाई आणि ताटात ठेवला की पसरे. पुन्हा वळला, पुन्हा पसरला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.

"काही बोलायचं नाही," ती म्हणाली.

मी बोललोच नव्हतो.

हळदीकुंकवाला बायका यायची वेळ झाली होती. दुसरे लाडू करायला तीळ नव्हते. पुष्पानं पाच मिनिटं विचार केला, मग सगळा भुगा एका मोठ्या वाडग्यात भरला, वर सुकं खोबरं किसून घातलं आणि घरातले होते नव्हते तेवढे चमचे बाहेर काढले. ज्या आल्या त्यांच्या हातावर तिनं एकेक चमचा तीळ ठेवले आणि चेहऱ्यावर असं काही दाखवलं, की यंदा असंच करायचं असतं.

आमच्या गल्लीत पाटलीणकाकू आहेत, ऐंशीच्या पुढच्या. तोंडात दात नाही. दरवर्षी लाडू घेतात आणि पदरात बांधून सुनेसाठी नेतात. त्या दिवशी त्यांनी चमचाभर तीळ तोंडात टाकले, बराच वेळ घोळवले आणि उठल्याच नाहीत. पुष्पानं दुसरा चमचा दिला. मग तिसरा.

जाताना म्हणाल्या, "पंधरा वर्षांनी तिळगूळ खाल्ला वं पुष्पा."

त्यानंतर पुष्पा रोज चारला माझ्याबरोबर भाभीकडं यायला लागली. भांडी घासायला येते, असं सांगायची. भांडी मीच घासतो.

*

आता चूक झाली ती सांगतो. ती गफूरभाईची एकट्याची नव्हती, आम्हा सगळ्यांची होती.

त्याच्या मोबाईलवर कोणीतरी पाठवलं होतं, नारळाच्या साखरेनं शुगर वाढत नाही. आम्हाला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. आठ वर्षं भाभीनं गोडाला हात लावला नव्हता. स्वतः पन्नास घरांना नानकटाई वाटणारी बाई. मग काय, सकाळी नारळाच्या साखरेचा शिरा, दुपारी आमचा केक, रात्री जेवणानंतर दुधात एक चमचा. भाभी नको म्हणायची नाही. ती डोळे बारीक करून सावकाश खायची आणि आम्ही तिघं तिच्या तोंडाकडं पाहत बसायचो.

तीन महिन्यांची शुगर तपासायला दोघं वणीला गेले, तर रिपोर्ट भलताच वर. डॉक्टर तरुण होते, शांत. म्हणाले, काय बदललं? गफूरभाईनं पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "काका, नाव नारळाचं आहे. आत साखरच आहे. दिवसाला एक लहान चमचा, तोही पोळी-भाताचा हिशेब सांभाळून. त्यापुढं नाही."



दुसऱ्या दिवसापासून गफूरभाई आमच्यात उभा असायचा, सगळं करायचा, पण चाखायचा नाही. काहीतरी सबब सांगायचा. दात दुखतो, आत्ताच जेवलो. आठवड्यानं पुष्पानं चहा केला. त्याच्या कपात साखर टाकायला गेली तर त्यानं कपावर हात ठेवला.

"काहून भाऊ?"

"असाच पेतो हल्ली."

भाभीनं ऐकलं. म्हणाली, "कप इकडं द्या."

कप तिच्या हातात दिला. तो थरथरत होता, बशीत सांडत होता. तिनं एक घोट घेतला आणि त्याच्याकडं पाहिलं. "कधीपासून?"

तो म्हणाला, "तुले जहर चारलं मी. आता माझ्या घशाखाली गोड उतरत नाही."

"जहर नाही. शिरा होता. चांगला होता," भाभी म्हणाली. "चाळीस वर्षं तुमच्या चहात मी साखर टाकली. माझ्या हातानं होईन असं तेवढंच काम बाकी आहे. तेबी काढून घेता?"

तिनं डब्यातून चमचा भरला. डबा ते कप एवढ्या अंतरात अर्धी साखर ओट्यावर गेली. उरलेली अर्धी कपात पडली. तिनं चमचा कपात धरला, चमचा आपोआप खुळखुळला.

"पाहा," ती म्हणाली. "आता ढवळाबी नाही लागत."

तो चहा प्यायला. सगळा.

*

धनराज कमी बोलतो. खदानीत ड्रेसर लोक असेच असतात, ऐकायची सवय असते त्यांना. सळईनं छत ठोकलं आणि आवाज टणक आला, तर छत धरून आहे. पोकळ आला, तर वरचा थर सुटला आहे. मग सगळ्यांना मागं घ्यायचं आणि तेवढा भाग पाडून टाकायचा. धनराजच्या कानाच्या भरवशावर कितीतरी माणसं रोज खाली गेली आणि वर आली. मी दिवे मोजून परत घ्यायचो, म्हणून मला माहीत आहे.

भाभीला एकदा गोड पाव खावासा वाटला. तिच्या माहेरी, दिग्रसला, तिचे अब्बा करायचे तसा. कोमट दुधात नारळाच्या साखरेचा तो दिवसाचा एक चमचा घातला, वर यीस्ट टाकलं. मला वाटलं, साखर पांढरी नाही, तर यीस्ट फुगतं की नाही. पण दहा मिनिटांत वर फेस आला. कणीक धनराजनं मळली. तासाभरानं ती दुप्पट झाली, ओव्हनमध्ये गेली.

पावाचा रंग या साखरेनं लवकरच गडद झाला. वरून पाहून काही कळेना. भाभी म्हणाली, "बाहेर काढा, उलटा करा आन् बुडाले ठोका."

ठोकायचं म्हटल्यावर आम्ही दोघं बाजूला झालो. धनराजनं फडक्यात पाव धरला, कान जवळ नेला आणि बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं.

त्याचा चेहरा बदलला. त्यानं पाव ओट्यावर ठेवला आणि एक पाऊल मागं सरकला. डावा हात त्यानं आडवा धरला होता, माझ्या छातीसमोर. मला मागं ठेवायला.

"काय झालं?" भाभीनं विचारलं.

"पोकळ वाजून राह्यला," तो म्हणाला.

"मंग झाला. पावाचं तसंच असते. पोकळ वाजला म्हंजे आतून शिजला."

धनराजनं हात खाली घेतला. जरा ओशाळला. पावाला परत एकदा ठोकून पाहिलं, मग आणखी एकदा. म्हणाला, "तीस वर्षं या आवाजाले भेलो मी, भाभी."

"आता कापा," भाभी म्हणाली.

*

आणि हा किस्सा बोरकुटाचा.

दुपारी असंच बोलता बोलता भाभीनं धनराजला विचारलं, "रुखमाताईले गोडात काय आवडे?" रुखमा म्हणजे धनराजची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. पोरंबाळं नाहीत.

धनराज केकच्या टिनला तूप लावत होता. तो थांबला. विचार करत राहिला. मग त्यानं उरलेलं तूप लावलं, टिन ठेवला आणि म्हणाला, "मले माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गफूरभाई त्याच्या घरी जाऊन आला, कुलूप होतं. भाभीला वाटलं, आपण उगाच विचारलं.

चौथ्या दिवशी चारला तो आला. हातात वाळलेल्या बोरांची पिशवी. मुकुटबनकडं त्याची साळी, म्हणजे रुखमाची बहीण, राहते, तिच्याकडं गेला होता. एसटीनं, दोन बस बदलून. तिला विचारायला.

"बोरकूट," तो म्हणाला. "बोरं वाळवून कुटायची, आत गूळ टाकायचा. साळी मले म्हणते, भाऊजी, तुमाले माहीत नव्हतं काय? ती तं दर हिवाळ्यात करे."

"मंग तुमी खाल्लं असन ना?" पुष्पानं विचारलं.

"डब्यात पुडी टाके ती. मले आंबट चालत नाही. मी वाटून टाकत होतो."

तेव्हा मला आठवलं. थंडीत पहिल्या शिफ्टला धनराज लॅम्प घ्यायला खिडकीत यायचा आणि दिवा घेताना कागदाची एक पुडी माझ्यासमोर ठेवायचा. ती मी शिफ्टभर चिमूट चिमूट पुरवायचो. कोणी केली, कधी विचारलं नाही.

मी म्हणालो, "धनराज, मी खाल्लं आहे ते."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. "तू खाल्लं? कसं राहे?"

मला नीट सांगता येईना. आंबट, पण मागून गोड. तिखटाची जराशी चव. मीठ होतं बहुतेक. त्यानं खलबत्ता मांडीत घेतला आणि कुटायला बसला. गुळाऐवजी भाभीच्या डब्यातली साखर घातली, ती गुळाच्या जवळची म्हणून. एक चिमूट माझ्या हातावर ठेवली.

"नाही. गोड जास्त होतं याच्यापेक्षा."

त्यानं आणखी घातली.

"आता मीठ."

घातलं. मी डोळे मिटले. असं सात-आठ वेळा झालं. शेवटच्या चिमटीला मी नुसती मान डोलावली.

धनराजनं मग स्वतः घेतलं. थोडंसं. आंबट म्हणून त्याचा एक डोळा मिटला. तो बराच वेळ तोंडात धरून बसला.

"चांगलं करे ती," तो म्हणाला.

*

या हिवाळ्यात भाभीचा आवाज गेला. पूर्ण नाही, पण इतका खाली उतरला की तोंडाजवळ कान नेल्याशिवाय ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, बिमारीत असं होतं. आणि गफूरभाईचं आयुष्य इंजिनापाशी गेलेलं, त्याचे कान आधीच अर्धे गेलेले. मोठ्यानं बोललेलं तेवढं त्याला कळतं.

त्यामुळं मी मधे बसायला लागलो. भाभीच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून. ती माझ्या कानात सांगणार, मी ओरडणार, ओट्याकडं तोंड करून उभा असलेला गफूरभाई ते करणार. "दूध." "दूध!" "हळू." "हळू फेट!" शेजाऱ्यांपर्यंत आवाज जातो. त्यांना वाटत असेल, आमच्यात भांडण लागलं आहे.

परवा धनराज बाजारात गेला होता, पुष्पा घरी होती. आम्ही तिघंच. नाझनीन येणार म्हणून केक होता. गफूरभाई आमच्याकडं पाठ करून अंडी फेटत होता. काट्याचा पातेल्यावर टकटक आवाज.

भाभीनं मला खूण केली. मी कान नेला.

"वासुदेवभाऊ," ती म्हणाली. एवढं बोलून तिनं दम घेतला. "मी नसली तरी यांले रोज चारले बोलवत जा. तुमच्या घरी. काही करायले लावा. एकटे बसू देऊ नका."

मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती, त्याच्या पाठीकडं पाहत होती. हे काही ओरडून सांगायचं नव्हतं. मी मान हलवली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, टकटक थांबली आहे.

गफूरभाई तसाच उभा होता. पाठमोरा. काटा पातेल्यात, हात पातेल्यावर. बाहेरून कोळशाचा एक ट्रक गेला, खिडकीची तावदानं हलली, पुन्हा शांत झालं. त्यानं वळून पाहिलं नाही.

"वासुदेव," तो म्हणाला, "तिले विचार. पुढं काय टाकू?"

मी भाभीकडं वाकलो. तिचे ओठ हलले.

मी नेहमीसारखं, सगळा जोर लावून ओरडलो, "साखर!"